चित्र वायरशिवाय पडद्यापर्यंत: खान्देशातल्या घरांसाठी होम थिएटरची वायरलेस जोडणी

प्रोजेक्टर छताला टांगला, पडदा समोरच्या भिंतीवर आला, सेट-टॉप बॉक्स आणि रिसीव्हर (स्पीकरना आवाज वाटून देणारा डबा) मात्र शोकेसमध्येच राहिले. मधे वीस-पंचवीस फुटांचं अंतर. नुकताच रंग दिलेल्या भिंतीला झिरी पाडायला घरात कुणी तयार नाही, आणि छतावरून लोंबणारी काळी केबलही कुणाला खपत नाही. अशा वेळी ‘वायरलेस एचडीएमआय’ लिहिलेला डबा फार मोहात पाडतो (एचडीएमआय म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणारी जोडणी). तो घ्यायला हरकत नाही, पण एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. वायरलेस म्हटलं तरी जाते ती एकच वायर, चित्राची. पाठवणाऱ्या डबीलाही वीज लागते आणि घेणाऱ्या डबीलाही. प्रोजेक्टरला तर लागतेच. छतापर्यंत विजेची पट्टी न्यायचीच असेल, तर त्याच पट्टीपासून फूटभर अंतरावर दुसरी पट्टी मारून केबल नेता येते का, हे खर्च करण्याआधी पाहा.

मोकळा कापूस आणि गाठ

फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं धरली, तर सेकंदाला जवळपास ३ गिगाबिट होतात. ४के ला चौपट, १२ गिगाबिटच्या आसपास. एचडीएमआय केबलमधून जातो तो हा माल. तेच ४के चित्र नेटवरून घरात येतं, तेव्हा नेटफ्लिक्स १५ मेगाबिटचा वेग पुरे म्हणतं. आठशेपट फरक झाला.

कापसाच्या भागात हे वेगळं समजावायला नको. मोकळा कापूस भरला की ट्रॉली शिगोशीग दिसते आणि वजन थोडंच भरतं; तोच जिनिंग-प्रेसिंगमधून निघाला की १७० किलोची गाठ होते आणि एका ट्रकमध्ये कितीतरी मावतात. नेटवरून येणारा व्हिडिओ ही गाठ. स्टिक (एचडीएमआय खाचेत खोचून नेटवरचा व्हिडिओ दाखवणारी कांडी), स्मार्ट टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्सने ती सोडली की पुढे एचडीएमआयवर मोकळा कापूस. घरातलं वायफाय गाठ सहज नेतं, मोकळा कापूस नेताना त्याचा जीव जातो. म्हणून शक्य असेल तिथे गाठ पडद्याजवळ न्या आणि तिथेच सोडा. वायरलेस एचडीएमआयची डबी हा त्यानंतरचा विचार.

टीव्हीवाल्यांसाठी प्रश्न इथेच जवळपास संपतो. टीव्ही स्मार्ट असेल तर त्यातलंच अ‍ॅप वापरा, नसेल तर पाच-सहा हजारांच्या आतली स्टिक लावा. टीव्हीखाली रिसीव्हर किंवा साउंडबार असेल, तर तो एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या खाचेत (हिच्यातून टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच परत रिसीव्हरकडे येतो) दीड मीटरच्या केबलने जोडा. वायरलेस एचडीएमआयची गरज नाही. कुणी घ्यायला लावत असेल, तर नम्रपणे नाही म्हणा.

प्रोजेक्टर असेल तर आधी आवाजाचं ठरवा

खरा घोळ प्रोजेक्टरवाल्यांचा असतो. बहुतेक जण चित्राचा रस्ता आधी ठरवतात आणि आवाज नंतर कुठून तरी आणू म्हणतात. स्टिक थेट प्रोजेक्टरमध्ये खोचली की चित्र उत्तम येतं, पण आवाजही वर छतालाच पोचलेला असतो. तो खाली पडद्याजवळच्या रिसीव्हरपर्यंत आणायचा कसा? बऱ्याच प्रोजेक्टरना एआरसी नसतं. ब्लूटूथने आणला तर आवाज दोन वाहिन्यांचा होतो आणि उशिराही येतो. म्हणजे चित्राची वायर वाचवली आणि आवाजाची ओढावी लागली.

त्यामुळे ५.१ स्पीकर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) असलेल्या घरात क्रम असा ठेवा: स्टिक, सेट-टॉप बॉक्स, गेमचा कन्सोल, सगळं काही रिसीव्हरमध्ये. रिसीव्हर आवाज स्वतःकडे ठेवून घेईल आणि फक्त चित्र पुढे जाईल. रिसीव्हरच्या ‘एचडीएमआय आउट’पासून प्रोजेक्टरपर्यंतचा शेवटचा टप्पा तेवढा वायरलेस करायचा. उलट क्रम, म्हणजे आधी वायरलेस डबी आणि नंतर रिसीव्हर, कधीही लावू नका. बऱ्याच डब्या दोनच वाहिन्यांचा साधा आवाज पुढे सोडतात, महागडा ५.१ संच मग मुकाट्याने स्टीरिओ वाजवत राहतो, आणि मालकाला वर्षभर पत्ता लागत नाही. एआरसी आणि एकाच रिमोटने सगळी उपकरणं चालवायची सीईसी सोयही बहुतेक डब्यांमधून जात नाही.

स्पीकर वेगळे नाहीत, प्रोजेक्टरच्या पोटातल्या स्पीकरवर किंवा त्याला वायरने जोडलेल्या छोट्या स्पीकरवर भागतं, तर मात्र स्टिक प्रोजेक्टरलाच लावा आणि पुढचा अर्धा लेख सोडून थेट वायफायच्या भागावर या.

घराचं मोजमाप

कागदावर खोलीचा नकाशा काढा. रिसीव्हर कुठे, प्रोजेक्टर कुठे, राउटर कुठे, मधल्या भिंती किती आणि कशाच्या, हे लिहा. अंतर मोजपट्टीने मोजा, अंदाजाने नको. छताची उंची धरली की अंतर वाटलं त्यापेक्षा जास्त निघतं.

भिंतींचा प्रकार महत्त्वाचा. अमळनेर, चोपडा, शहाद्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या, दीड-दोन फूट जाडीच्या भिंती असतात. त्यांतून ५ गिगाहर्ट्झची लहर नावालाच पलीकडे जाते. सिग्नल पोचतो तो दारातून आणि खिडकीतून. नव्या बांधकामात विटेची एक भिंत चालून जाते, पण स्लॅब आणि कॉलममधलं लोखंड अडवतं, त्यामुळे एका मजल्यावरून दुसऱ्यावर चित्र पाठवण्याच्या फंदात पडू नका. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पत्र्याचं दार, शटर आणि भरलेली पाण्याची टाकी रेषेत येत असेल तर नकाशावर तिथे फुली मारा.

आता कूलर. इकडच्या घरांत मार्च ते जून खिडकीत पत्र्याचा कूलर बसतो, आत ओल्या गवताच्या जाळ्या आणि खाली पाण्याची टाकी. धातू आणि पाणी, दोन्ही एकत्र. हिवाळ्यात सगळं बसवून, तपासून घेतलेली जोडणी एप्रिलात का अडखळते, याचं उत्तर कित्येकदा तिथे असतं. कूलर आज माळ्यावर असला, तरी नकाशात त्याची उन्हाळ्यातली जागा दाखवा.

चार रस्ते

पहिला रस्ता म्हणजे कास्ट. फोनवरच्या यूट्यूबसारख्या अ‍ॅपमधलं कास्टचं चिन्ह दाबलं की फोन फक्त पत्ता सांगतो. व्हिडिओ टीव्ही किंवा स्टिक स्वतः नेटवरून ओढून घेते. फोन खिशात घालून शेतावर निघून गेलात तरी सिनेमा चालू राहतो. गाठच थेट पडद्यापाशी येते, त्यामुळे हा रस्ता सगळ्यात सरस. अट एकच: फोन आणि स्टिक एकाच वायफायवर हवेत. राउटरमध्ये ‘क्लायंट आयसोलेशन’ (एकाच वायफायवरची उपकरणं एकमेकांना दिसू न देणारी सोय) चालू असेल किंवा स्टिक पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायला जोडली असेल, तर कास्टचं चिन्हच दिसत नाही.

दुसरा रस्ता मिररिंग. यात फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर दिसतो. अँड्रॉइड आणि विंडोजसाठीचं मिराकास्ट २०१२ साली आलं; विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि ‘के’ एकत्र दाबलं की ते उघडतं. आयफोनला ते चालत नाही, त्याला एअरप्ले समजणारा टीव्ही किंवा स्टिक लागते. सगळेच अँड्रॉइड फोनही मिराकास्ट देत नाहीत, गुगलचे पिक्सेल त्यातलेच. मिररिंगमध्ये फोन जागच्या जागी चित्राची नवी गाठ बांधतो आणि टीव्ही ती सोडतो, म्हणून दर्जा घसरतो आणि चित्र मागे राहतं. लग्नाचे फोटो दाखवायला ठीक. नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅपं मिररिंगमध्ये काळा पडदा दाखवतात. तो बिघाड नाही, नक्कल-प्रतिबंधाचं कुलूप आहे. शिवाय मिररिंग चालू असताना आलेला फोन आणि निरोप घरभर दिसतो, हे वेगळं सांगायला नको.

तिसरा रस्ता घरातल्या फायलींचा. सिनेमे हार्ड डिस्कवर असतील, तर ती कॉम्प्युटरला जोडून त्यावर जेलीफिनसारखा मोफत मीडिया सर्व्हर बसवा आणि पडद्याजवळच्या स्टिकवर त्याचं अ‍ॅप किंवा कोडी नावाचं व्हिडिओ प्लेअर अ‍ॅप टाका. फाइल आहे त्या रूपात गेली पाहिजे, सर्व्हरने ती नव्याने बांधता कामा नये. ‘डायरेक्ट प्ले’ दिसलं की बरोबर. ४के ब्लू-रेच्या मूळ प्रतीचा वेग १२८ मेगाबिटपर्यंत चढू शकतो आणि पुष्कळ टीव्हींची लॅनची खाच १०० मेगाबिटचीच असते. त्यामुळे अशा फायलींना लॅनपेक्षा ५ गिगाहर्ट्झचं चांगलं वायफाय बरं पडतं. वायर बरी की वायफाय बरं याचं उत्तर नेहमी वायर असं नसतं, ते इथे दिसतं.

चौथा रस्ता वायरलेस एचडीएमआयचा, म्हणजे आधीच सुटलेला कापूस न्यायचा. सेट-टॉप बॉक्स, कन्सोल, डिस्क प्लेअर किंवा वर सांगितलेला रिसीव्हर यांच्यासाठी हाच रस्ता उरतो.

डबी निवडताना

बाजारात दोन जाती आहेत, आणि खोक्यावर त्या सरळ लिहिलेल्या नसतात.

५ गिगाहर्ट्झवाली जात चित्र दाबून पाठवते. लहर साधारण सहा सेंटीमीटरची, एखादी विटेची भिंत ओलांडते, माणूस मधे आला तरी तग धरते. पण दाबणं आणि सोडणं यात वेळ जातो. स्वस्त डब्यांमध्ये हा उशीर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. सिनेमा आणि मॅचला त्याचा त्रास नाही, गेमला मात्र आहे. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद, १०० मिलिसेकंद उशीर झाला की पडद्यावरचा गडी सहा चित्रं मागे असतो.

६० गिगाहर्ट्झवाली जात चित्र न दाबता किंवा अगदी थोडं दाबून पाठवते. उशीर जवळपास शून्य आणि चित्र केबलसारखं. लहर पाच मिलिमीटरची असल्याने भिंत तर सोडाच, मधून कुणी चालत गेलं तरी तुटते. जाहिरातीत आणि माहितीपत्रकात हवेतला प्राणवायू ही लहर शोषतो असं लिहिलेलं असतं. खरं आहे, पण ते किलोमीटरला पंधराएक डेसिबल. दहा मीटरच्या खोलीत त्याचा हिशेब धरायची गरज नाही. इथे शत्रू म्हणजे माणसं. मॅचच्या रात्री शेवभाजीच्या बेताला जमलेली वीस डोकी आणि सारखी ये-जा करणारी पोरं, यांच्या डोक्यावरून रेषा जायला हवी. पाठवणारी डबी शोकेसच्या खालच्या कप्प्यात ठेवली तर ते होणार नाही. ती सात फुटांच्या वर, प्रोजेक्टरकडे तोंड करून बसवा.

खोक्यावर पुढच्या गोष्टी शोधा, आणि दुकानदार तोंडी सांगतो त्यावर भागवू नका.

१. ‘४के’ हे आत येणाऱ्या चित्रासाठी लिहिलंय की बाहेर पडणाऱ्या? पुष्कळ डब्या ४के घेतात आणि १०८०पी, म्हणजे फुल एचडी, देतात. बाहेर पडणाऱ्या चित्राचा आकार आणि सेकंदाला किती चित्रं, दोन्ही बघा. ३० चित्रांवर क्रिकेटचा चेंडू उड्या मारत जातो, ६० हवीत. प्रोजेक्टर मुळात फुल एचडी असेल, तर मात्र ४के च्या डबीवर पैसे घालू नका.

२. एचडीसीपी २.२ आहे का? ४के सिनेमाचं कुलूप ते आहे. डबीत जुनी १.४ असेल तर सेट-टॉप बॉक्स किंवा स्टिक चित्र १०८०पी वर उतरवते, नाहीतर पडदा काळा.

३. पाठवणाऱ्या डबीला ‘लूप आउट’ची एचडीएमआय खाच आहे का? असेल तर दिवसा टीव्ही आणि रात्री प्रोजेक्टर, दोन्ही एकाच सोर्सवर, म्हणजे चित्र देणाऱ्या उपकरणावर, चालतात.

४. वीज किती लागते? ५ व्होल्ट १ अँपिअर की २? प्रोजेक्टरची यूएसबी खाच अर्धाच अँपिअर देत असेल तर वेगळा अडॅप्टर लागेल, म्हणजे वर एक प्लग जास्तीचा.

५. भारतात वायरलेस उपकरणाला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची ईटीए मंजुरी लागते. खोक्यावर किंवा पत्रकात तिचा क्रमांक नसेल तर ती वस्तू घेऊ नका. ५ गिगाहर्ट्झचे पट्टे भारताने २०१८ साली विनापरवाना वापरासाठी मोकळे केले. परदेशाहून मागवलेली डबी नेमक्या त्याच पट्ट्यांत चालेल याची खात्री कुणी देत नाही.

अंतराचा आकडा मोकळ्या मैदानातला असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने, म्हणजे एक चतुर्थांशावर येतो. घरात भिंतींचं नुकसान त्यावर. खोक्यावर ३० मीटर लिहिलं असेल तर एका खोलीत १० मीटर धरा. परत करण्याची मुदत विचारून घ्या आणि त्या मुदतीत मॅचची एक पूर्ण संध्याकाळ चालवून बघा. पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकात काहीच कळत नाही.

वायफाय तपासणी, पायरी पायरीने

कास्ट, स्टिक आणि मीडिया सर्व्हर या तिन्ही रस्त्यांचं यश इथे ठरतं.

फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर जातीचं मोफत अ‍ॅप टाका. फोन टीव्हीच्या पुढे नको, स्टिक जिथे राहणार त्या मागच्या बाजूला धरा. आकडा उणे डीबीएममध्ये दिसेल; तो शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. उणे ५० ते ६० असेल तर निर्धास्त. उणे ६७ च्या आसपास म्हणजे काठावर. उणे ७० च्या पलीकडे गेला तर व्हिडिओसाठी त्या जागेवर विसंबू नका. हे मोजमाप रात्री नऊच्या सुमारास, दारं लावून आणि उन्हाळा असेल तर कूलर चालू ठेवून करा. सकाळी दहाला सगळ्यांचंच वायफाय छान असतं.

मग राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगळी करा आणि स्टिक ५ वर जोडा. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. एका गल्लीत वीस राउटर असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात. कंपनीने बसवलेला फायबरचा डबा फक्त २.४ चा असेल, तर त्याला लॅन केबलने दोन्ही पट्ट्यांचा राउटर जोडणं हा पहिला खर्च, स्टिक त्यानंतर.

५ गिगाहर्ट्झचं चॅनेल ‘ऑटो’ न ठेवता ३६ किंवा १४९ पक्कं करा. ५२ ते १४४ मधले चॅनेल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात. रडारची चाहूल लागली की राउटर चॅनेल सोडून देतो आणि ऐन रंगात चित्र थांबतं, शिवाय काही स्टिकना हे चॅनेल दिसतच नाहीत. वायरलेस एचडीएमआयची ५ गिगाहर्ट्झ डबी घरात असेल तर राउटर ३६ वर आणि डबी १४९ च्या बाजूला, किंवा उलट. दोघांना एका पट्टीत बसवलं की दोघंही रडतात.

जाड मातीच्या भिंतीच्या घरात राउटर बदलून, रिपीटर लावून फार फरक पडत नाही. रिपीटर तोच सिग्नल ऐकून पुन्हा ओरडतो, त्यात अर्धा वेग जातो. त्यापेक्षा कॅट ६ केबल माजघरापर्यंत ओढून तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) बसवा. केबल बाहेरून, गच्चीवरून न्यायची असेल तर काळ्या आवरणाची बाहेरच्या वापराचीच घ्या, आतली केबल इथल्या उन्हात तडकते. आणि गच्चीवरून तांब्याची केबल नेली तर रोहिणीच्या वळवात वीज कडाडायला लागण्याआधीच तिची दोन्ही टोकं काढून ठेवावी लागतील. घराच्या आतून जागा मिळत असेल तर ती बरी. उंदीर केबल सोडत नाहीत, म्हणून ती पीव्हीसी पाइपातून न्या.

फायबर नाही, फोनच्या डेटावर भागवायचं आहे, अशा गावांत हिशेब वेगळा. नेटफ्लिक्सच्याच आकड्यांनुसार एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि ४के ला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. रोजच्या दोन जीबीत एचडी सिनेमा मध्यांतरापर्यंतही पोचत नाही. तिथे अ‍ॅपमध्ये दर्जा उतरवून ठेवा किंवा डीटीएच आणि वायर यांचीच जोडी राहू द्या.

बसवताना

स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटून राहते तिथे पॅनेलची उष्णताही असते आणि धातूची पाठ वायफायही अडवते. खोक्यात मिळणारी वीतभर एचडीएमआय वाढीव केबल बहुतेक लोक फेकून देतात. ती लावून स्टिक टीव्हीच्या कडेबाहेर आणा; उष्णता आणि सिग्नल दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. बहुतेक घरगुती उपकरणं ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनलेली असतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो आणि पत्र्याखालच्या वरच्या खोलीत तर विचारूच नका. वायरलेस डबी प्रोजेक्टरच्या गरम हवेच्या झरोक्यासमोर कधीच बसवू नका, बाजूला वीतभर जागा सोडा आणि ती फॉल्स सीलिंगच्या आत कोंडू नका.

स्टिकला तिच्यासोबत आलेल्या अडॅप्टरनेच वीज द्या. टीव्हीच्या यूएसबीतून दिली तर तो अर्धा अँपिअर कमी पडतो आणि ती मधूनच बंद होऊन पुन्हा सुरू होते. राउटर आणि फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, मात्र दोघांचे व्होल्ट आणि अँपिअर त्यांच्या अडॅप्टरवर वाचून. वीज गेली-आली की राउटर उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. स्टिक आधी जागी होते, नेट सापडत नाही म्हणून रुसते आणि तिला हाताने पुन्हा चालू करावं लागतं.

वायरलेस डबी बसवायचा क्रम: आधी दोन्ही डब्या टेबलावर एका मीटरवर ठेवून जोडी जुळवा, चित्र आल्याची खात्री करा, मगच छताला लावा. वर चढून जुळवाजुळव करण्यात शिडी धरणाऱ्याचे हाल होतात. रिसीव्हरमधून बाहेर जाणारं चित्र डबीच्या ताकदीएवढंच ठेवा. डबी १०८०पी ची असेल तर स्टिकमध्येही १०८०पी ६० पक्कं करा, ‘ऑटो’ नको.

ओठ आणि आवाज

रिसीव्हरने आवाज ठेवून घेतला आणि चित्र मात्र डबीतून उशिरा पोचलं, तर आवाज आधी आणि ओठ नंतर. माणसाला हे लवकर खटकतं: आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद पुढे असला की लक्षात येतं, मागे असला तर मात्र १२५ पर्यंत चालून जातं. रिसीव्हरच्या मेन्यूत ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ शोधा. बातम्या लावा, निवेदक ‘प’ किंवा ‘ब’ म्हणताना ओठ मिटतात तिकडे बघा, आणि दहा-दहा मिलिसेकंद वाढवत जा. शेवटी दहा जास्त राहिले तरी चालतील, कमी नकोत. हा उशीर गेमसाठी उपयोगाचा नाही. हात आणि पडदा यांतलं अंतर आवाज थांबवून मिटत नाही. कन्सोल असेल तर ६० गिगाहर्ट्झ किंवा सरळ केबल.

मॅच बघताना शेजाऱ्याचा जल्लोष आधी येतो आणि आपली विकेट नंतर पडते, त्याचा या डब्यांशी संबंध नाही. नेटवरचं थेट प्रक्षेपण डीटीएचच्या मागे असतंच, कधी काही सेकंद, कधी अर्धा मिनिट.

बिघडतं कुठे

चित्र दर थोड्या वेळाने एक-दोन सेकंद काळं होऊन परत येत असेल, तर आधी छोट्या एचडीएमआय केबल बदला, मग वीज तपासा. लहरींवर संशय तिसऱ्या क्रमांकावर. चित्राचे चौकोन फुटत असतील तर सिग्नल कमी पडतोय. डबी फूटभर हलवून किंवा नव्वद अंशांत फिरवून बघा, भिंतींवरून परतणाऱ्या लहरींमुळे एवढ्यानेही फरक पडतो. ठरावीक अ‍ॅपवरच पडदा काळा आणि बाकी सगळं ठीक, तर एचडीसीपी. चित्र येतं पण एचडीआर (उजेड, अंधार आणि रंग जास्त ठळक दाखवणारा प्रकार) गेलं, रंग फिके पडले, तर डबी ते पुढे नेत नाही. सोर्समध्ये एचडीआर बंद करा, अर्धवट रंगांपेक्षा साधं चित्र बरं दिसतं. संध्याकाळीच अडखळतं आणि दुपारी नाही, तर शेजाऱ्यांचे राउटर; चॅनेल बदला.

वायरचा रस्ता अजून उघडा असेल तर

घर बांधकामात असेल, किंवा पुढच्या वर्षी रंगकाम निघणार असेल, तर आत्ता डबी घेऊ नका. रिसीव्हरच्या जागेपासून प्रोजेक्टरच्या जागेपर्यंत किमान ३२ मिलिमीटरचा पाइप टाकून घ्या. २५ चा पाइप वळणावर फसवतो, कारण एचडीएमआयचं डोकं साच्यासकट सुमारे २० मिलिमीटर रुंद असतं. कोपऱ्यांना काटकोनी एल्बो नको, लांब बेंड लावायला सांगा आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. मिस्तरीला ती दोरी टोकाला गाठ मारून बाहेर काढून ठेवायला लावा, नाहीतर प्लास्टर करताना आत ढकलली जाते. विजेच्या वायरिंगला समांतर असेल तर फूटभर अंतर, ओलांडायचं असेल तर काटकोनात.

तांब्याची साधी एचडीएमआय केबल पूर्ण ४के ६० ला पाचेक मीटरपर्यंतच भरवशाची, १०८०पी ला दहाच्या पुढेही चालते. त्याहून लांब असेल तर आतून काच असलेली ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या. ती तीस मीटरलाही ४के बिनतक्रार नेते. तिला दिशा असते. ‘सोर्स’ लिहिलेलं टोक रिसीव्हरला, ‘डिस्प्ले’ लिहिलेलं प्रोजेक्टरला. पाइपातून ओढण्याआधी टोकं वाचा आणि जमिनीवर पसरून एकदा चालवून बघा, कारण उलटी ओढली गेली तर ती सगळी परत काढावी लागते.